वीतभर जागा

मुलीच्या जातीने शिट्टी मारू नये, हे वाक्य तिने आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्याची चालसुद्धा तिला शिट्टीवर वाजवता यायची. आणि वाजवायचीही! मग आई उलथनं घेऊन मागे धावायची, ही जिन्यावरून उड्या मारत खाली, आणि खालून पुन्हा तीच चाल. शेजारणी खिडकीतून डोकी काढून हसायच्या. आई कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "कुठल्या घरात खपणारे ही, देव जाणे."

घरात खपायचं पुढे झालं, त्याआधी ती कामावर खपली. गावाच्या कडेला एक मोठं गोदाम होतं, तिथे ती पोती शिवायला लागली होती. गोदाम बांधणाऱ्याने डोकं कुठे ठेवलं होतं कोण जाणे, गेटातून आत आलं की लगेच काटकोनात वळण, एका अंगाला पत्र्याची भिंत, दुसऱ्या अंगाला वजनकाट्याची खोली, आणि पार मागे माल उतरवायचा सिमेंटचा ओटा. त्या ओट्याला सगळे धक्का म्हणत. ट्रक उलटाच आत आणावा लागे. ड्रायव्हरला आरशात निम्मं दिसे, बाकीचं निम्मं देवाच्या भरवशावर. गेटवरचा राखणदार धातूची शिट्टी फुंकून ट्रक मागे घ्यायचा, पण शेजारच्या गोदामातही तसलीच शिट्टी होती. पत्र्याखाली दोन्ही आवाजांची भेसळ व्हायची, आणि एक दिवस शेजारच्या शिट्टीवर आपला ट्रक मागे येऊन त्याने वजनकाट्याच्या खोलीचं दार आत ढकललं. खोलीतला माणूस टेबलावर चढून बसला म्हणून वाचला.

दुसऱ्याच दिवशी पोती शिवणारी ही बया उठली, धक्क्याच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि नुसत्या ओठांनी शिट्टी मारून तिने ट्रक आत घेतला. ट्रक लांब असला की सावकाश, एकेक शिट्टी. जवळ आला की भरभर. आणि वीतभर जागा उरली की गप्प. गप्प म्हणजे थांब. हीच तर त्यातली खरी खुबी! बाईला ठसका लागो, पाय घसरो, काहीही होवो, आवाज बंद झाला की ट्रक जागच्या जागी उभा. दोन्ही हात मोकळे, म्हणून चाकामागे लावायचा लाकडी ठोकळाही तीच धरायची. पोती शिवायचं काम तिथेच सुटलं. तेव्हापासून सगळं गोदाम तिला शिट्टीताई म्हणू लागलं. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवायचं.

धक्क्याच्या भिंतीला एक मोठा पोचा आहे. तो तिच्या नवऱ्याने पाडला. म्हणजे तेव्हा तो नवरा नव्हता, नवा ड्रायव्हर होता. शिट्टी ऐकून आरशात बघितलं तर तिथे ही! आणि बघतच राहिला गडी. शिट्टी केव्हा थांबली ते त्याच्या गावीही नाही. धडाम! ही ठोकळा टाकून तरातरा पुढे गेली आणि केबिनजवळ उभी राहून विचारलं, "कानात बोळे घातलेत का?" तो म्हणाला, "कान चांगले आहेत. डोळे दगा देतात." गोदामातले हमाल त्याला भिंतफोड्या म्हणू लागले, आणि वर्षाच्या आत भिंतफोड्या तिच्या आईचा जावई झाला. आई मात्र कधी गोदामात आली नाही. चारचौघांत पोटची पोर शिट्टी मारते आणि वीस माणसं त्यावर हलतात, हे बघायला ती तयारच नव्हती. "तेवढं माझ्या डोळ्यांनी नको," म्हणायची.

आता गाठीचं सांगायला हवं. लग्नाच्या आधी तिच्या डाव्या कानाच्या पाळीखाली एक गाठ आली होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती हळूहळू वाढत लिंबाएवढी झाली. जवळच्या लहान दवाखान्यात एका डॉक्टरांनी ती सोलून बाहेर काढली. कॅन्सर नाही म्हणाले. लाळेच्या ग्रंथीची साधी गाठ, गेली, विषय संपला. कानाखाली बारीक रेघ तेवढी राहिली, आणि तीही केसांत लपायची. पुढे कितीतरी वर्षं त्या गाठीची कुणाला आठवणही झाली नाही.

ती गाठ परत आलेली पहिल्यांदा दिसली भिंतफोड्याला, तीही ट्रकच्या आरशात. धक्क्याला लागून इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तो म्हणाला, "ऐक, तुझा डावा गाल फुगलाय."

"तुझा आरसा पूस आधी," ती म्हणाली.

"रोज पुसतो. गेली इतकी वर्षं त्याच आरशात तुलाच बघतोय, गाल ओळखत नाही का मी?"

तिने बोट लावून बघितलं. जुन्या रेघेखाली एक गाठ नव्हती, बारीक बारीक दाणे होते, कातडीखाली कुणी मूठभर डाळ पेरून ठेवल्यासारखे. तिने हात काढून घेतला आणि पुढचा ट्रक आत घेतला. शिट्टी नेहमीसारखीच होती, पण त्या दिवशी ती कुणाशी भांडली नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे हमालांनी ओळखलं.

मोठ्या रुग्णालयात सुई टोचून झाली, मोठ्या नळीसारख्या यंत्रात झोपवून फोटो झाले. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या होत्या, घसा बसल्यासारखा आवाज, बोलायला सरळ. त्यांनी आपला तळहात स्वतःच्या कानाखाली ठेवला आणि बोटं गालावर पसरली. "ही लाळेची ग्रंथी. आणि ही बोटं म्हणजे चेहऱ्याची नस. ग्रंथीच्या पोटातून जाते आणि तिला फांद्या फुटतात. ही फांदी डोळा मिटते, ही हसवते, ही ओठ हलवते. गेल्या वेळी नुसती गाठ सोलली. अशा गाठीचं आवरण फार नाजूक असतं, सोलताना कुठेतरी फाटलं असेल. त्यातनं चार कण मागे राहिले, ते इतक्या वर्षांनी वाढले. आताही कॅन्सर नाहीये. पण आता दाण्यांसकट ग्रंथीचा तो भाग आणि जुना व्रण सगळं काढायचं. आणि व्रणामध्ये नस शोधणं अवघड असतं."

"म्हणजे तोंड वाकडं होऊ शकतं," आई म्हणाली. आई बरोबर आली होती, कारण आईला घरी बस म्हणायची कुणाची छाती होती?

"होऊ शकतं. बहुतेक वेळा काही महिन्यांत सुधारतं. कधी कधी नाही सुधारत."

"आणि शिट्टी?" हिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. "शिट्टी?"

मग भिंतफोड्याने सगळी रामकहाणी सांगितली, गोदाम, वळण, धक्का, पोचा, सगळं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला माझी पद्धत लगेच कळेल. आमच्याकडेही एक यंत्र असतं. चेहऱ्यात बारीक सुया लावतो, आणि माझं हत्यार नसेच्या जवळ गेलं की ते यंत्र आवाज करतं. जितकं जवळ, तितका आवाज."

हे ऐकून शिट्टीताईचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाईंना कळेना, धीर द्यायला म्हणून सांगितलं तर ही बाई घाबरली कशी?

"अहो, उलटं आहे हे!" ती खुर्चीतून उठलीच. "आवाज चालू म्हणजे या, या, या! तुम्ही तर थेट नसेत घुसाल!"

"आवाज आला की आम्ही थांबतो हो."

"आणि आवाज बंद पडला तर? तुमच्या यंत्राची वायर निघाली तर? तुम्हाला वाटणार रस्ता मोकळा आहे!"

डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "म्हणून आधी नस शोधून, तिला मुद्दाम डिवचून आवाज येतो का ते बघतो. मग पुढे. आणि यंत्र असलं तरी माझे डोळे उघडेच असतात." ती बसली, पण पुरती नाही बसली. जाईपर्यंत तिने डॉक्टरीणबाईंकडून वदवून घेतलं, आवाज म्हणजे थांब, आवाज म्हणजे थांब, असं एखाद्या शाळेतल्या पोरीकडून पाढा म्हणवून घ्यावा तसं. आणि त्याही बिचाऱ्या म्हणाल्या.

खरा प्रश्न त्यानंतर आला. ओठाकडे जाणाऱ्या फांदीला फोटोत एक दाणा अगदी खेटून दिसत होता. "तो नसेला चिकटलेला निघाला तर दोन रस्ते आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फांदीसकट सगळं काढायचं, म्हणजे तो दाणा गेला, पण ओठाचा तो कोपरा कायमचा जाईल. किंवा दाणा सोलायचा आणि नसेवर जे पातळ सालपट राहील ते राहू द्यायचं. मग तिथून पुन्हा यायची शक्यता राहते. साधी गाठ आहे, हळू वाढते, म्हणून मी नस वाचवण्याच्या बाजूची आहे. पण गाल तुमचा आहे."

"सगळं काढा," आई म्हणाली.

"आई..."

"सगळं काढा म्हणते ना! एक शिट्टी ती काय! त्या शिट्टीपायी पुन्हा दहा वर्षांनी पोटात गोळा घेऊन मी इथे येऊन बसू? तोवर मी असेन का तरी?" आईचा आवाज फुटला. रागावलेली आई रोजची होती, रडणारी आई कुणी पाहिली नव्हती. भिंतफोड्या उगाचच भिंतीवरचा तक्ता वाचू लागला.

शिट्टीताईने आईचा हात धरला, पण उत्तर डॉक्टरीणबाईंना दिलं. "मी ट्रक धक्क्याला कधी टेकवत नाही. वीतभर जागा ठेवते. टेकवला तर माल उतरवायला एक पाऊल कमी पडतं, पण भिंत जाते. तुम्हीही तेवढी जागा ठेवून थांबा. पुन्हा आली तर पुन्हा बघू."

आईने हात सोडवून घेतला. घरी जाईपर्यंत ती जावयाशी बोलली, कंडक्टरशी बोलली, समोरच्या सीटवरच्या अनोळखी बाईशी बोलली, लेकीशी नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोघं सासू-जावई बाहेरच्या बाकावर बसले होते. म्हणजे सासू बसली होती, जावई उभा होता. त्या दाराआडून काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी दोघांचे कान तिकडेच. बराच वेळ झाला तेव्हा आई म्हणाली, "आवाज नाही येत काही."

"आई, इथे आवाज नाही म्हणजे सगळं बरं," तो म्हणाला, आणि स्वतःलाच ते पटवत राहिला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या टोपी काढतच. दाणे निघाले, ग्रंथीचा भाग निघाला, जुना व्रण निघाला. तो एक दाणा खरंच फांदीला चिकटला होता. "सोलून काढला. यंत्र अगदी कोकलत होतं. एक सालपट राहिलं, तिथे मी थांबले. नस शाबूत आहे, पण तिला ओढ बसलीय, थोडी रुसेल." दोघांचा जीव भांड्यात पडला. आईचा निम्माच पडला, कारण सालपट हा शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसला तो बसलाच.

नस रुसली ती चांगलीच रुसली. भुवया उचलल्या गेल्या, डोळे मिटले, पण ओठाचा डावा कोपरा जागचा हलेना. चहा हनुवटीवरून ओघळायचा. कानाची पाळी बधिर, कानातलं आहे की पडलं हे चाचपून बघावं लागायचं. शिट्टी मारायला गेली की नुसती फुस्स! भिंतफोड्या म्हणाला, "हसताना तुझं तोंड आता गोदामाच्या गेटासारखं वळण घेतं." तिने उशी फेकून मारली. तो उशी झेलून म्हणाला, "नेम शाबूत आहे, म्हणजे काळजी नाही."

आणि आई? आईने जे केलं त्यावर शेजारणींचा आजही विश्वास बसत नाही. डॉक्टरीणबाईंनी ओठांचा व्यायाम सांगितला होता, गाल फुगवा, ओठांचा चंबू करा, शिट्टी मारा. रुसवा होता, सालपटाचा राग होता, पण व्यायाम म्हणजे व्यायाम! रोज सकाळी आई लेकीला खिडकीजवळच्या आरशासमोर उभी करायची आणि दरडावायची, "मार शिट्टी! मार गं! अशी नाही, ओठ पुढे घे, हं, अशी!" आणि करून दाखवायला स्वतः कवळी काढून चंबू करायची. जिच्या धाकाने एके काळी पोर जिना उतरून पळायची, तीच आता पोरीमागे लागली होती, मार, मार म्हणून. आरशात दोन तोंडं, दोन्हींतून फुस्स फुस्स, आणि दारात उभा जावई हसून हसून रडकुंडीला आलेला.

महिने गेले. चहा सांडेनासा झाला. हसू सरळ व्हायला लागलं. एक नवीनच गंमत सुरू झाली, आंबट खाल्लं की डावा गाल घामाने डबडबायचा. आईने लिंबाच्या फोडीसमोर लेकीचा ओला गाल बघितला आणि तिला वाटलं, पोर रडतेय! डॉक्टरीणबाईंनी समजावलं, लाळेच्या बारीक नसा पुन्हा वाढताना रस्ता चुकतात आणि घामाच्या दारात जाऊन उभ्या राहतात, त्रास झाला तर उपाय आहे. "शिट्टीवाली नाही ना तिथे," भिंतफोड्या म्हणाला, "चुकणारच."

ती गोदामात परत गेली, पण वजनकाट्याच्या खोलीत बसायला. ट्रक राखणदार मागे घ्यायचा, धातूच्या शिट्टीवर, आणि भिंतीवरचे पोचे वाढत चालले होते. तिला विचारलं तर म्हणायची, अजून येत नाही. खरी गोष्ट अशी की ती आताशा मारूनच बघत नव्हती. फुस्स ऐकायचा कंटाळा आला होता म्हणा, भीती वाटत होती म्हणा. न मारलेली शिट्टी अजून येऊ शकते, मारली आणि नाही आली तर मग काय? आरशासमोरही ती नुसता चंबू करून उभी राहायची. आई म्हातारी होती, आंधळी नव्हती.

एका दुपारी आई जेवणाचा डबा घेऊन थेट गोदामात हजर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हमालांनी खुर्ची आणली, पाणी आणलं, शिट्टीताईची आई म्हणून जो तो बघायला आला. तेवढ्यात गेटातून भिंतफोड्याचा ट्रक उलटा शिरला आणि वळणावर येऊन थांबला. राखणदार नेमका जेवायला गेलेला. मागे आणखी एक ट्रक हॉर्न वाजवू लागला. शिट्टीताई सवयीने धक्क्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, हातात ठोकळासुद्धा घेतला, आणि तशीच राहिली.

"अगं, जावईबापू खोळंबलेत. मार की!" आई म्हणाली.

"येत नाही आई."

"येत नाही का मारत नाहीस?"

सगळं गोदाम ऐकत होतं. शिट्टीताईने ओठ पुढे केले. फुस्स.

"अशी नाही! रोज सांगते, अशी!" आईने कवळी काढून मुठीत धरली, चंबू केला, आणि तिच्या तोंडून शिट्टी आली! बारीक, पण स्पष्ट, अगदी सुरात. इतके महिने लेकीला शिकवता शिकवता म्हातारी स्वतःच शिकून बसली होती. आणि शिट्टी म्हणजे या! भिंतफोड्याने जन्मभराच्या सवयीने गिअर टाकला, ट्रक घरघरत मागे आला.

"अगं बाई, हे येतायत की! थांबवा, कुणीतरी थांबवा!" आई दोन्ही हात वर करून ओरडली. पण शिट्टी थांबली तेव्हाच ट्रक थांबला होता. केबिनमधून भिंतफोड्याचं डोकं बाहेर आलं. "सासूबाई, का थांबलात? अजून केवढी जागा आहे!"

मग जो हशा उसळला त्याला तोड नाही. हमाल पोत्यांवर कोसळले. आई तोंडावर हात ठेवून लाजेने लाल झाली आणि बोटांच्या फटीतून तीही हसू लागली. शिट्टीताई तर धक्क्याला टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी, ओठ सैल, भीती कुठल्या कुठे. आणि त्या हसण्यातच तिने पुन्हा ओठ पुढे केले.

शिट्टी आली. डाव्या अंगाने जराशी फाटलेली, आधीपेक्षा खरखरीत, पण तीच. ट्रकमध्ये भिंतफोड्या क्षणभर हललाच नाही. मग गिअर पडला. सावकाश, एकेक. मग भरभर. पत्र्याखाली दुसरा आवाज नव्हता, मागच्या ट्रकनेही हॉर्न बंद केला होता. भरभर, आणखी भरभर, आणि गप्प.

ट्रक थांबला. आई खुर्चीतून उठली, कवळी बसवली, आणि धक्क्याच्या कडेशी येऊन वाकून बघू लागली. ट्रक आणि सिमेंट यांच्यामधल्या फटीत तिने आपला हात धरला, अंगठा आणि करंगळी ताणून. दोन्ही टोकं जेमतेम टेकली.

"वीतभरच," ती म्हणाली.

"तेवढी ठेवावीच लागते, आई."

आई हात तसाच ताणलेला ठेवून सरळ झाली. मग तिने तो हात वर नेऊन लेकीच्या डाव्या गालावर ठेवला, कानाखाली, जिथे अजून बधिर होतं आणि लेकीला तो स्पर्श निम्माच कळत होता.

"असू दे," ती म्हणाली. "पुन्हा आली तर पुन्हा बघू."

आणि लगेच जावयाला हाक मारली, खाली उतरा, जेवण गार होतंय.